वंशावळींची पारख : खानदेशांतील कांहीं उदाहरणें

श्राद्धाच्या वेळीं पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीन पिढ्यांचीं नांवें घ्यावीं लागतात. आपल्यापैकीं बहुतेक कुटुंबांची खात्रीची स्मृति तेथेंच संपते. पणजोबांच्या पलीकडचें नांव विचारलें कीं घरांतील वडील मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. मग कोणी तरी सांगतें कीं आपण मूळचे अमक्या गांवचे, पेशवाईंत इकडे आलों, माळ्यावरच्या पेटींत कागद होते, त्यांना वाळवी लागली. कागद गेले याची हळहळ योग्यच आहे. परंतु कागद हातीं असते, तर त्यांवरील वंशावळ खरी म्हणून मानतां आली असती काय? हा प्रश्न पहिल्याहून बिकट आहे, आणि आज, श्रोतेहो, त्याच प्रश्नाविषयीं मला बोलावयाचें आहे. उदाहरणें होतां होईल तों खानदेशांतलीं घेतों. १९०६ सालीं या प्रांताचे पूर्व खानदेश व पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले, आणि तेच पुढें जळगांव व धुळें या नांवांनीं ओळखले जाऊं लागले. घरोघरचे कागद धुंडाळण्यांत ज्यानें आपलें आयुष्य वेंचलें तो पुरुष अखेरीस याच प्रांतीं येऊन राहिला, म्हणून आरंभ त्याच्यापासूनच करणें बरें.

विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांचा जन्म १८६३ चा. डेक्कन कॉलेजांतून पदवी घेऊन ते बाहेर पडले. नोकरींत त्यांचें मन रमलें नाहीं. पत्नी लवकर वारली, आणि त्यांनीं पुन्हां संसार थाटला नाहीं. वाई येथें एरंडे यांच्या घरीं पानिपतच्या काळचे कागद त्यांना मिळाले. त्या कागदांवरून १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड त्यांनीं छापून काढला, आणि पुढील वीस वर्षांच्या सुमारांत ही माला २२ खंडांवर गेली. गांवोगांव फिरावें, एखाद्या जुन्या वाड्याचा माग काढावा, मालकाची मनधरणी करावी, दप्तर सोडूं दिलें तर बसल्या बैठकीस नकला उतराव्या, असा त्यांचा क्रम होता. कोठें दप्तर आधींच वाण्याच्या दुकानीं पुड्या बांधण्यास गेलेलें असे. कोठें मालक दारांतूनच वाटेस लावी.

या वाटेस लावण्याला कारण होतें. इंग्रजांनीं इनाम कमिशन बसविलें आणि १८५२ च्या अकराव्या कायद्यानें त्याचे अधिकार पक्के केले. इनाम कोणत्या सनदेनें मिळालें, मूळ इनामदारापासून आजच्या भोगवटदारापर्यंत वंश अखंड चालत आला आहे कीं नाहीं, याचा पुरावा घराण्याकडून मागण्यांत येऊं लागला. कागद दाखवावा तर त्यांत कांहीं खोड निघून इनाम जावें, न दाखवावा तरीही जावें, अशा पेंचांत सांपडलेल्या घराण्यांनीं पुढें पेट्यांना कुलपें घातलीं तर त्यांना दोष कसा द्यावा? राजवाडे दारीं उभे राहिले तेव्हां त्या घरांतील वृद्धांच्या कानांत कमिशनाचे प्रश्न अजून घुमत असले पाहिजेत.

पहिल्या कांहीं खंडांत मोहिमांचीं व राजकारणाचीं पत्रें पुष्कळ आहेत. पुढें पुढें मात्र राजवाड्यांचें लक्ष शिवकालीन घराण्यांच्या कागदांकडे वळलें, आणि तेथें त्यांना वंशावळींची खाणच लागली. माझ्या मतें राजवाड्यांच्या सगळ्या उद्योगांत हा भाग सर्वांत मोलाचा आहे; त्यांच्या प्रस्तावनांची कीर्ति मोठी, पण प्रस्तावना जुन्या होतात, महजर होत नाहींत.

महजर म्हणजे काय तें थोडें सांगितलें पाहिजे. पाटिलकीचा अगर देशमुखीचा तंटा लागला म्हणजे दोन्ही पक्ष आपापली तकरीर लिहून देत. मूळ पुरुष कोण, त्याला मुलगे किती, थोरल्या बायकोचा कोण, धाकटीचा कोण, निपुत्रिक कोण मेला, परागंदा कोण झाला, दुष्काळांत गांव ओस पडलें तेव्हां वतन कोणी राखलें, हें सर्व तींत येई. ती तकरीर गोतापुढें वाचली जाई. गोतांत देशमुख-देशपांडे असत, शेजारच्या गांवांचे पाटील-कुळकर्णी असत, शेटे-महाजन असत आणि बलुतेदारही असत. निवाड्याच्या कागदावर पाटलाच्या नांवापुढें नांगर आणि बलुतेदारांच्या नांवांपुढें ज्याच्या त्याच्या धंद्याचें हत्यार अशा निशाण्या उमटत. साक्षीनें भागलें नाहीं तर दिव्य. कढत तेलातुपांतून धातूचा रवा हातानें उचलावयाचा आणि मग हात भाजला कीं नाहीं तें पाहावयाचें. हरणाऱ्यानें येजितखत लिहून द्यावयाचें, म्हणजे आपली हार आपल्याच हातानें मान्य करावयाची.

दिव्याबद्दल आज आपण काय म्हणूं तें म्हणूं. लांच, दडपण आणि बनावट कागद यांपासून गोतसभाही मुक्त नव्हती. पण त्या सभेंत वंशावळ सांगणाऱ्यापुढें, ती खोटी ठरविण्यांत ज्याचा हितसंबंध आहे असा माणूस बसलेला असे. भाऊबंदच तो, त्याला घरांतलें सगळें ठाऊक. एक पिढी गाळली किंवा धाकट्याचा थोरला केला, तर तो तेथल्या तेथें उठून उभा राही. दिवाणखान्यांत लावण्यासाठीं सुंदर अक्षरांत काढविलेल्या वंशवृक्षाला ही कसोटी कधींच लागलेली नसते.

भाटाच्या वहीची गोष्ट याच्या उलट आहे. राजपूत, गुजर इत्यादि घराण्यांकडे वहीवंचे भाट ठराविक काळानें येतात, नवीं जन्मलेलीं मुलें वहींत घालतात, जुन्या पिढ्या वाचून दाखवितात आणि बिदागी घेऊन पुढच्या गांवीं जातात. या वह्यांत खरी माहिती नसते असें मुळींच नाहीं. जवळच्या पांच-सहा पिढ्यांच्या बाबतींत ती पुष्कळदां निर्दोष असते, कारण ज्यांच्यापुढें ती वाचावयाची त्यांना तेवढें स्वतःलाच आठवत असतें. पण जसजसें वर जावें तसतसा ऐकणारा अजाण होतो, आणि यजमानाला आनंद देण्याची भाटाची मोकळीक वाढते. मग वंश सूर्याला किंवा चंद्राला जाऊन भिडतो. नाशिक-त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळी या दृष्टीनें बऱ्या. यात्रेकरू स्वतःच्या हातानें आपलें गांव, वडील, आजे, चुलते, भाऊ यांचीं नांवें लिहितो. वतनाचा वाद समोर नसल्यामुळें खोटें लिहिण्याचा मोह कमी. अमेरिकेंतील युटा येथील वंशावळी-संस्थेनें गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत हरिद्वारच्या अशा वह्यांच्या सूक्ष्म चित्रफिती करून घेतल्या, यावरून त्यांचें मोल परक्यांनाही पटलें होतें असें दिसतें.

आतां खानदेशांतील सर्वांत जुनी अशी एक वंशावळ पाहूं. ती कागदावर नाहीं, दगडावर आहे. चाळीसगांव तालुक्यांत डोंगराच्या कुशींत पाटण म्हणून स्थान आहे. पाटणादेवी या नांवानें तें सर्वांस ठाऊक आहे. तेथील शिलालेख मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं वाचून त्याची माहिती १८६५ सालीं प्रसिद्ध केली. यादवराजा सिंघण याचा मुख्य ज्योतिषी चांगदेव यानें आपला आजा भास्कराचार्य याचे ग्रंथ पढविण्यासाठीं येथें मठ स्थापला, आणि निकुंभवंशी सोइदेवानें शके ११२८ च्या श्रावणी पौर्णिमेस, चंद्रग्रहणाच्या पर्वकाळीं, त्याला नेमणूक करून दिली. इंग्रजी गणनेनें तो दिवस ९ ऑगस्ट १२०७ येतो. लेख संस्कृत आहे, पण शेवटीं मठाला कोणीं काय द्यावयाचें तें सांगणारा भाग त्या वेळच्या मराठींत आहे. व्यापाऱ्याला आणि तेल्याला आपलें देणें समजलें पाहिजे, तेथें संस्कृत काय कामाचें?

या लेखांत चांगदेवानें आपल्या नऊ पिढ्या दिल्या आहेत : त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, भास्कर, लक्ष्मीधर आणि स्वतः चांगदेव. भास्करभट्टाला भोजराजाकडून विद्यापति ही पदवी मिळाली, असेंही म्हटलें आहे. पणतवांनीं पूर्वजांस राजदरबारीं नेऊन बसविणें ही नित्याची गोष्ट. तेव्हां हिशेब करून पाहावा. भास्कराचार्यानें आपला जन्मशक १०३६ म्हणून स्वतःच सांगितला आहे, म्हणजे इसवी सन १११४. भास्करभट्ट त्याच्या वर पांच पिढ्या. पिढीस पंचवीस वर्षें धरलीं तर त्याचा जन्म ९८९ च्या आसपास पडतो, आणि धारच्या भोजाची कारकीर्द अकराव्या शतकाच्या पूर्वार्धांतली. मेळ उत्तम बसतो. आतां त्रिविक्रम. नलचंपूचा कर्ता त्रिविक्रमभट्ट हाही शांडिल्यगोत्री होता. तेव्हां हे दोघे एकच असें म्हणण्याचा मोह होतो आणि तसें म्हटलेंही गेलें आहे. पण नलचंपूचा त्रिविक्रम राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या पदरीं ९१५ सालीं ताम्रपट रचीत होता. त्याला मूळपुरुष मानावयाचें तर प्रत्येक पिढी सदतीस-अडतीस वर्षांची धरावी लागते. आणि ती तशी धरली कीं भोजाच्या दरबारीं जाणारा भास्करभट्ट ऐंशी वर्षांच्या पुढचा म्हातारा होतो. एक गोष्ट राखावी तर दुसरी सोडावी लागते. मी भोजाची राखीन; ती लेखांत कोरलेली आहे, दुसरी आपण मागाहून जोडलेली आहे.

याच तालुक्यांत गिरणेकांठीं बहाळ येथें दुसरा शिलालेख आहे, शके ११४४ चा. तोही सिंघणाच्याच काळचा. अनंतदेव नांवाच्या ज्योतिष्यानें देवीचें देऊळ बांधलें तेव्हांचा हा लेख असून त्याची वंशावळ मनोरथ, महेश्वर, श्रीपति, गणपति आणि अनंतदेव अशी आहे. गोत्र शांडिल्य. पाटणच्या दगडाशेजारीं हा दगड ठेवून पाहा : मनोरथ आणि महेश्वर हीं दोन नांवें त्याच क्रमानें दोन्हीकडे येतात, आणि महेश्वरापाशीं फांटा फुटून एकीकडे भास्कर आणि दुसरीकडे त्याचा भाऊ श्रीपति असे दोन वंश चालतात. अवघ्या कांहीं वर्षांच्या अंतरानें दोन शाखांनीं आपापल्या कारणासाठीं आपापल्या वंशावळी कोरविल्या, आणि त्या जुळल्या. एवढा निर्वेध पुरावा आपल्याकडील फारच थोड्या पंडितघराण्यांना लाभला असेल. कीलहॉर्न यांनीं पुढें हे दोन्ही लेख एपिग्राफिआ इंडिकांत व्यवस्थित छापले.

भास्कराची कन्या लीलावती हिची गोष्ट घरोघर ठाऊक आहे : घटिकापात्रांत मोतीं पडलें, मुहूर्त टळला, आणि बापानें तिच्या नांवानें ग्रंथ केला. ही कथा फैजीनें १५८७ सालीं लीलावतीचें फारसी भाषांतर केलें त्यांत आहे. नातवाच्या शिलालेखांत ती नाहीं. अर्थात् यावरून मुलगी नव्हती असें सिद्ध होत नाहीं, कारण त्या नऊ पिढ्यांत आई, बायको, बहीण किंवा मुलगी यांपैकीं एकीचेंही नांव चांगदेवानें कोरविलेलें नाहीं. आपल्या छापील कुलवृत्तांतांतही कित्येक पानें अशींच असतात. स्त्रियांची माहिती हवी असेल तर वंशवृक्ष बाजूस ठेवून खर्चाचे हिशेब, चोळीबांगडीचीं दानपत्रें आणि सोयरिकीचीं पत्रें चाळावीं लागतात. राजवाड्यांसारख्यांनीं असले वरकरणीं क्षुल्लक दिसणारे कागदही टाकून दिले नाहींत, त्याचा उपयोग येथें होतो.

घराण्याचा कागद सार्वजनिक झाल्यानें काय घडतें याचें एक उदाहरण खानदेशाबाहेरचें आहे, पण तें टाळतां येत नाहीं. भोरजवळच्या कारी गांवच्या जेधे देशमुखांच्या घरीं एक शकावली होती. ती लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केली. तींत शिवाजीमहाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीयेचा दिला आहे. एका घरच्या टिपणावरून रूढ तिथि कशी मोडावी, असा आक्षेप आला. परंतु परमानंदाच्या शिवभारतांत तीच तिथि निघाली, राजस्थानांत सांपडलेल्या कुंडलीनेंही तिला दुजोरा दिला, आणि अखेर महाराष्ट्र शासनानें १९ फेब्रुवारी १६३० हा दिवस मान्य केला. जेध्यांची पेटी बंदच राहिली असती तर इतर दोन साक्षींना एकमेकींची ओळख पटण्यास किती काळ लागला असता कोण जाणे.

पुन्हां खानदेशांत येऊं. पारोळ्याचा भुईकोट किल्ला गॅझेटिअरच्या मतें १७२७ सालीं हरि सदाशिव दामोदर यांनीं बांधला. हें नेवाळकर घराणें. कोंकणांतून निघालेलें, खानदेशांत पारोळ्यास जहागीर मिळविलेलें आणि पुढें बुंदेलखंडांत झांशीच्या सुभ्यावर बसलेलें. ज्यांच्या घरीं लक्ष्मीबाई सून होऊन गेल्या तें हेंच घर. १८१७ च्या तहानें इंग्रजांनीं झांशीचें राज्य रामचंद्ररावांस आणि त्यांच्या वारसांस वंशपरंपरा कबूल केलें होतें. १८३५ सालीं रामचंद्रराव वारले तेव्हां दत्तकाचा हक्क बाजूस सारून चुलते रघुनाथराव यांस गादी देण्यांत आली. म्हणजे त्या वेळीं वंशावळ चांगली बारकाईनें वाचली गेली. त्यांच्यामागून बंधु गंगाधरराव आले. गंगाधररावांनीं मृत्यूच्या आदल्या दिवशीं, २० नोव्हेंबर १८५३ रोजीं, नेवाळकर कुळांतीलच वासुदेवरावांचा पांच वर्षांच्या आंतबाहेरचा मुलगा दत्तक घेतला. तोच दामोदरराव. मुलगा सगोत्र, विधि यथाशास्त्र, इंग्रज अधिकारी समक्ष हजर. तरीही डलहौसीनें पुढच्याच वर्षीं राज्य खालसा केलें, आणि त्यासाठीं १८३५ चा नामंजूर दत्तकच दाखला म्हणून पुढें केला. खाजगी मालमत्तेपुरता दत्तक चालेल, राज्यापुरता चालणार नाहीं, असा तो निर्णय. वंशावळींत कसलाही दोष कोणीं काढला नव्हता. ज्याच्यापुढें ती मांडली गेली त्याला ती ऐकावयाचीच नव्हती. सत्तावनच्या उठावानंतर पारोळ्याची जहागीरही सरकारजमा झाली आणि किल्ला पाडण्यांत आला. दामोदरराव इंदूर येथें १९०६ पर्यंत जगले.

वंशावळीनें राज्य वांचत नाहीं, पण वंशावळीवरून माणसें दुखावतात मात्र फार, याचा अनुभव राजवाड्यांनाही आला. १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करण्यांत त्यांचा पुढाकार होता. त्या मंडळाच्या व्यासपीठावरून चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या पूर्वपीठिकेसंबंधीं त्यांनीं जें लिहिलें त्यावर १९१८ सालीं प्रबोधनकार ठाकरे यांनीं 'कोदंडाचा टणत्कार' हें पुस्तक लिहून जळजळीत उत्तर दिलें. मला या वादांत ठाकऱ्यांचा मूळ आक्षेप रास्त वाटतो. एका घराण्याचा कागद त्या घराण्यापुरता बोलतो. त्यावरून सबंध जातीच्या मुळाविषयीं निकाल द्यावयाचा, आणि तोही पूर्वग्रह मनांत धरून, हें राजवाड्यांच्या स्वतःच्याच पद्धतींत बसत नव्हतें. महजरांत प्रतिवादी समोर असतो म्हणून त्याला मोल, असें आपण पाहिलें. येथें प्रतिवादी उत्तर देण्यास पुढें आला, ही गोष्ट इतिहासाच्या दृष्टीनें चांगलीच झाली.

पुण्याच्या मंडळाशीं त्यांचें पुढें पटेनासें झालें, आणि आयुष्याच्या अखेरच्या काळांत त्यांनीं धुळें जवळ केलें. तेथें संशोधनाला अनुकूल हवा होती. शंकर श्रीकृष्ण देव यांनीं समर्थ संप्रदायाच्या मठांतून हस्तलिखितें मिळवून धुळ्यास आणण्याचा उद्योग चालविलाच होता; त्या बाडांत मठोमठींच्या गुरुपरंपरा आहेत, आणि त्याही एका अर्थानें वंशावळीच होत. राजवाड्यांनीं १९२२ सालीं 'राधामाधवविलासचंपू' छापून शहाजीराजांच्या दरबाराचें चित्र पुढें आणिलें, १९२४ सालीं 'महिकावतीची बखर' छापली; हिच्यांत उत्तर कोंकणांत वसाहतीस आलेल्या कुळांच्या याद्या आहेत आणि तिचा जुना भाग केशवाचार्यानें शके १३७० त लिहिलेला आहे. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळें येथेंच त्यांचा अंत झाला.

मागें राहिलें तें दप्तर. नकला, टिपणें, याद्या आणि असंख्य चिठ्ठ्या यांचा तो ढीग पांगूं नये म्हणून भास्कर वामन भट यांच्यासारखीं धुळ्याचीं मंडळी लगोलग कामास लागलीं, आणि राजवाडे संशोधन मंडळ उभें राहिलें. 'संशोधक' हें त्याचें नियतकालिक निघालें. पुढें महाराष्ट्रांतील अनेक घराण्यांनीं आपापले कुलवृत्तांत छापले, रियासतकार सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळींचें पुस्तक १९५७ सालीं निघालें, आणि घरगुती कागद मंडळांच्या स्वाधीन करण्याची रीत पडली. राजवाड्यांच्या चिठ्ठ्यांपैकीं पुष्कळशा मात्र घराण्यांच्या नव्हत्या, शब्दांच्या होत्या. मराठी धातु आणि नामें कोणत्या संस्कृत-प्राकृत मुळापासून, किती पायऱ्या उतरत आलीं, हें ते शेवटपर्यंत जुळवीत होते. धुळ्याच्या मंडळानें त्या चिठ्ठ्या कृष्णाजी पांडुरंग कुळकर्णी यांच्याकडून लावून घेतल्या, आणि १९३७ सालीं धातुकोश व १९४२ सालीं नामादिशब्दव्युत्पत्तिकोश असे दोन ग्रंथ छापून वाचकांच्या हातीं दिले.